वाचक विचारतात : आयोग नेमल्याने कृष्णवर्णीयांना नोकऱ्या मिळाल्या का?

प्रश्न : अमेरिकेत नोकरीतील वर्णभेद रोखण्यासाठी साठ वर्षांपासून स्वतंत्र केंद्रीय आयोग आहे आणि अनेक राज्यांच्याही स्वतःच्या यंत्रणा आहेत. तरीही तेथील कृष्णवर्णीयांमधील बेरोजगारीचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट असल्याचे वारंवार वाचनात येते. या यंत्रणांमुळे कृष्णवर्णीय कामगारांच्या संधी खरोखर वाढल्या, की इतकी वर्षे नुसतेच कागदी घोडे नाचवले गेले?
– एक निवृत्त कामगार अधिकारी

उत्तर : आपण मांडलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आयोग आहे, आणि बेरोजगारीचे ते दुप्पट प्रमाणही १९७० च्या दशकापासून फारसे हललेले नाही. मात्र एवढ्यावरून आयोग निष्फळ ठरला असे म्हणणे घाईचे होईल. कृष्णवर्णीयांना अमुक काम द्यायचेच नाही हे जेथे उघड नियम म्हणून पाळले जात होते, तेथे या यंत्रणांनी निश्चित फरक पाडला; जेथे कसलाही नियम न सांगता अर्जांच्या गठ्ठ्यातून एखादा कागद गुपचूप बाजूला सारला जातो, तेथे त्यांचा हात आजही पोहोचत नाही. हे दोन प्रकार वेगळे न केल्यामुळेच या विषयावरचे बरेचसे वाद निष्कारण लांबतात, असे माझे मत आहे.

सुरुवात मात्र साठ नव्हे, तर ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकी कारखाने धडाडून चालू लागले, तेव्हा विमाने आणि जहाजे बांधणाऱ्या कंपन्या कृष्णवर्णीयांना झाडूवाल्याच्या कामापलीकडे उभे करीत नव्हत्या. रेल्वेच्या शयनयानांतील सेवकांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी याविरुद्ध राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला आणि मोर्चाच्या ठरलेल्या तारखेच्या जेमतेम आठवडाभर आधी, २५ जून १९४१ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील भेदभावाला बंदी घालणारा आदेश काढून त्याच्या देखरेखीसाठी एक समिती नेमली. या समितीला दंड करण्याचा अधिकार नव्हता, कर्मचारी मोजके होते आणि निधी तुटपुंजा होता. अशा समितीने काय साधले असेल, अशी शंका येणे साहजिक आहे.

फिलाडेल्फियाचे उदाहरण पाहा. तेथील ट्राम आणि बस चालवणाऱ्या कंपनीत कृष्णवर्णीय माणसे रूळ दुरुस्त करीत, डबे धूत. पण ट्रामच्या चालकाच्या जागी त्यांना बसू दिले जात नसे. समितीच्या आदेशानंतर आठ कृष्णवर्णीय कामगारांना चालकाचे प्रशिक्षण देण्याचे ठरले आणि १ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे गोऱ्या कामगारांनी संप पुकारून युद्धसाहित्य बनवणारे एक मोठे शहर ठप्प केले. रूझवेल्ट यांनी सुमारे पाच हजार सैनिक पाठवले, वाहतूक सेनेच्या ताब्यात गेली आणि कामावर न परतणाऱ्यांना मिळालेली लष्करभरतीतील सूट रद्द होईल असे बजावण्यात आले. आठवड्याच्या आत संप मोडला आणि त्या आठ जणांचे प्रशिक्षण पुन्हा सुरू झाले. आदल्याच वर्षी अलाबामातील मोबिल बंदरात मात्र उलटे घडले होते. तेथील जहाजबांधणी कारखान्यात बारा कृष्णवर्णीयांना वेल्डरच्या जागी बढती मिळताच गोऱ्या कामगारांनी दंगल केली आणि शेवटी कृष्णवर्णीयांना वेगळ्या जागी वेगळे काम देऊन प्रकरण मिटवावे लागले. समिती एकच, आदेश एकच. फरक होता तो तिच्या पाठीशी किती बळ उभे राहिले याचा. अर्थशास्त्रज्ञ विल्यम कॉलिन्स यांनी या काळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांबाहेर समितीने कृष्णवर्णीयांचा युद्ध उद्योगांतील शिरकाव वेगवान केल्याचे आणि दक्षिणेत तिचे फारसे काही न चालल्याचेच आढळून आले. १९४६ मध्ये समितीचा निधी बंद झाला आणि काम थांबले. त्याआधी, १९४५ मध्ये, न्यूयॉर्कने अंमलबजावणीचे अधिकार असलेला पहिला राज्य कायदा केला होता. पुढे उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले, पण दक्षिण कोरडीच राहिली.

ही कोंडी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने फोडली. या कायद्याच्या सातव्या प्रकरणाने खासगी नोकरीतील वर्णभेद देशभर बेकायदा ठरवला आणि समान रोजगार संधी आयोगाची स्थापना केली. २ जुलै १९६५ रोजी आयोगाचे काम सुरू झाले. पहिल्या वर्षी दोनेक हजार तक्रारी येतील अशी अपेक्षा होती. आल्या आठ हजार आठशेंहून अधिक. आणि आयोगाच्या हाती काय होते? चौकशी करणे आणि दोन्ही पक्षांना समोर बसवून समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करणे. मालकाने मान हलवून घरचा रस्ता धरला, तर आयोग त्याला न्यायालयात खेचू शकत नव्हता. हा अधिकार त्याला १९७२ मध्ये मिळाला; त्याच वेळी किमान पंचवीसऐवजी पंधरा कर्मचारी असलेले मालक आणि राज्य व स्थानिक शासनेही कायद्याच्या कक्षेत आली.

तरीही मधली सात वर्षे वाया गेली नाहीत, आणि हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. दक्षिण कॅरोलायनात १९१५ चा एक कायदा होता. कापडगिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करू नये, एका दारातून एकाच वेळी ये-जा करू नये, एका खिडकीवर पगार घेऊ नये, एवढेच काय, पिण्याच्या पाण्याची बादली आणि पेलाही एक नसावा, असे त्यात लिहिलेले होते. त्यामुळे पन्नास वर्षे गिरण्यांतल्या उत्पादनाच्या कामांत कृष्णवर्णीय जवळपास नव्हतेच. या काळात युद्धे झाली, मंदी येऊन गेली, तेजी आली. त्यांचे प्रमाण जागचे हलले नाही. १९६५ नंतर मात्र ते अवघ्या काही वर्षांत झपाट्याने चढले. जेम्स हेकमन आणि ब्रूक पेनर यांनी या आकड्यांची कसून छाननी केली. मजुरांची टंचाई हे एक कारण होतेच. पण टंचाई पूर्वीही पडली होती आणि तेव्हा दार उघडले नव्हते. १९६५ मध्ये नवे होते ते केंद्र सरकारचे दडपण, आणि गिरण्या सरकारला कापड विकत असल्याने ते दडपण त्यांना झोंबणारे होते. काही मालकांना मजूर हवेच होते, फक्त गोऱ्या कामगारांचा रोष पत्करायची तयारी नव्हती. 'काय करणार, कायदाच तसा आहे' असे म्हणण्याची सोय झाल्यावर तेही पुढे सरकले.

दुसरे उदाहरण उत्तर कॅरोलायनातील एका वीजकेंद्राचे आहे. ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेतले जाई, आणि त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. ज्या दिवशी कायदा लागू झाला, त्याच २ जुलै १९६५ रोजी कंपनीने इतर विभागांत नव्याने लागणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या सक्तीच्या केल्या. शालान्त प्रमाणपत्राची अट त्याआधीपासून होतीच. भेद नावापुरता गेला आणि चाळणी मात्र तीच राहिली. ही अट येण्यापूर्वी लागलेले गोरे कामगार प्रमाणपत्राशिवाय काम उत्तम करीत होते, हे विशेष. केंद्रातील चौदापैकी तेरा कृष्णवर्णीय कामगार न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : कामाशी संबंध नसलेली अट जर एका वर्णाच्या लोकांना मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवत असेल, तर मालकाचा हेतू काहीही असो, ती बेकायदा आहे. हा निकाल देताना न्यायालयाने आयोगाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना मोठे वजन दिले. दावा लावण्याचा अधिकार नसलेल्या आयोगाने नुसत्या सूचना लिहून देशभरातील भरतीच्या चाचण्या बदलायला लावल्या, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

न्यायालयाचा आदेश थेट भरतीवर आला, तेव्हा परिणाम आणखी ठळक दिसला. अलाबामाच्या राज्य पोलीस दलात सदतीस वर्षांत एकही कृष्णवर्णीय जवान भरती झालेला नव्हता. १९७२ मध्ये न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी एका गोऱ्यामागे एक कृष्णवर्णीय भरती करण्याचा आदेश दिला. अशा खटल्यांना सामोऱ्या गेलेल्या शहर पोलीस दलांचा अभ्यास जस्टिन मॅक्रेरी यांनी केला असून, नव्या भरतीतील कृष्णवर्णीयांचा हिस्सा त्यामुळे सुमारे चौदा टक्के-अंकांनी (म्हणजे शंभर नव्या जवानांमागे सुमारे चौदाने) वाढल्याचे आणि शहरांतील गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम न झाल्याचे त्यांना आढळले. 'दर्जा घसरेल' ही हाकाटी ज्यांनी ऐकली असेल, त्यांनी यातला दुसरा भाग ध्यानात ठेवावा.

श्रेय वाटताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो, हेही खरे. १९६५ ते १९७५ या दशकात कृष्णवर्णीयांची कमाई गोऱ्यांच्या तुलनेत सुधारली आणि ही सुधारणा प्रामुख्याने दक्षिणेत झाली. त्यामागे शाळांचा सुधारलेला दर्जा होता, आधीच्या दशकांतील स्थलांतर होते. १९६६ च्या दुरुस्तीने किमान वेतन शेती, उपाहारगृहे, शुश्रूषागृहे अशा क्षेत्रांना लागू झाले आणि कृष्णवर्णीय कामगारांपैकी जवळपास एक-तृतीयांश लोक त्याच क्षेत्रांत होते. त्या काळात कमी झालेल्या तफावतीपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक वाटा एकट्या या दुरुस्तीचा असल्याचे अलीकडच्या संशोधनातून दिसते. तेव्हा सगळे आयोगाने केले असे नाही. पण आधी पन्नास वर्षे न घडलेली गोष्ट नेमक्या त्याच वर्षापासून, नेमक्या त्याच प्रदेशात घडू लागली, याकडे काणाडोळाही करता येत नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात एका प्रयोगाची चर्चा झाली. अगदी सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर फक्त नावे बदलली, तरी कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना कमी प्रतिसाद मिळतो म्हणे. इतका जुना आयोग असताना हे चालते कसे?
– अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपण म्हणता तो प्रयोग बहुधा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला, बॉस्टन आणि शिकागो येथील असावा. सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज वर्तमानपत्रांतील जाहिरातींना पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात नावांऐवजी माणसेच पाठवली. तरुणांची एक जोडी गोरी, एक काळी; प्रत्येक जोडीतला एक जण आळीपाळीने आपण शिक्षा भोगून आल्याचे सांगे. तुरुंगवास भोगलेल्या गोऱ्याला शंभरपैकी सतरा ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. निष्कलंक काळ्या तरुणाला चौदा ठिकाणांहून. १९८९ पासूनच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये घेतला गेला, तेव्हा पंचवीस वर्षांत कृष्णवर्णीयांबाबतचा हा भेद कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

हे कसे चालते, याचे उत्तर तक्रारीच्या पद्धतीतच आहे. आयोगाचे दार ठोठवायला आधी आपल्यावर अन्याय झाल्याचे कळावे लागते. ज्याला कामावरून काढले, त्याला ते कळते. त्याच्या जागी कोण आले, त्याच चुकीसाठी कोणाला सोडून दिले, हेही सहकाऱ्यांकडून त्याच्या कानावर येते. पण ज्याच्या अर्जाला उत्तरच आले नाही, त्याने कोणाविरुद्ध आणि कशाच्या आधारावर तक्रार करायची? शंभर अर्जांपैकी नव्वद जणांना तसेही उत्तर येत नाही. जॉन डोनोह्यू आणि पीटर सीगलमन यांनी जुन्या तक्रारींची छाननी केली, तेव्हा नेमके हेच दिसले : १९६६ मध्ये भरतीविषयीच्या तक्रारी बडतर्फीच्या तक्रारींपेक्षा जास्त होत्या, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बडतर्फीच्या तक्रारी भरतीच्या सहापटींहून अधिक झाल्या. जी यंत्रणा दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी उभारली गेली, ती हळूहळू आत असलेल्यांची यंत्रणा बनली. यात कोणाचा कावा नाही. तक्रारीवर चालणारी कोणतीही व्यवस्था याच दिशेने घरंगळते.

त्यात कामाचा डोंगर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे लाखभर तक्रारींचे भिजत घोंगडे आयोगाकडे पडून होते. २०२३ या आर्थिक वर्षात वर्ण, लिंग, वय, अपंगत्व अशी सर्व कारणे धरून सुमारे एक्याऐंशी हजार तक्रारी आल्या आणि आयोगाने स्वतः दाखल केलेले दावे होते १४३. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या हाती 'तुम्ही स्वतः दावा लावू शकता' असे पत्र पडते. वकील मिळाला तर ते पत्र मोलाचे. न मिळाला तर ती नुसती बोळवण.

मात्र याच प्रयोगांतून एक कामाची गोष्टही निघाली आहे. पॅट्रिक क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील १०८ मोठ्या कंपन्यांना त्र्याऐंशी हजारांहून अधिक अर्ज पाठवले. भेदभाव सर्वत्र सारखा पसरलेला आढळला नाही. एकूण भेदभावापैकी सुमारे निम्मा भाग केवळ पाचव्या हिश्श्याएवढ्या कंपन्यांत साठलेला होता. म्हणजे पाणी कुठे मुरते आहे ते शोधता येते. तक्रार येण्याची वाट न पाहता असेच चाचणी-अर्ज पाठवून आणि शंभर किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना दरवर्षी भरून द्यावे लागणारे वर्णनिहाय तक्ते वाचून आयोगाने मोजक्या ठिकाणी घाव घातला, तर एकेकट्या तक्रारींच्या मागे धावण्यापेक्षा अधिक साधेल, असे मला वाटते.

प्रश्न : खटल्याच्या भीतीने मालक कृष्णवर्णीयांना घेण्याचेच टाळतात, असा आक्षेप ऐकला. कायद्याचा हा उलटा परिणाम खरा आहे का?
– एक लघुउद्योजक

उत्तर : तर्क म्हणून आक्षेप बिनबुडाचा नाही. भरती न केल्याबद्दल पकडले जाण्याची शक्यता नगण्य आणि काढून टाकल्याबद्दल दावा होण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त असेल, तर हिशेबी मालक 'घेतलेच नाही तर काढण्याचा प्रश्नच येणार नाही' असा विचार करू शकतो. मागच्या उत्तरातील तक्रारींचे आकडे नेमकी हीच विषमता दाखवतात. पण या ओढीच्या उलट दिशेने संख्येची तपासणी खेचत असते. ज्याच्या कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारच नाहीत, तो आयोगाच्या नजरेत आधी भरतो, आणि २०२५ पर्यंत सरकारी कंत्राटांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाच्याही नजरेत भरत असे. जोनाथन लेनर्ड यांच्या अभ्यासानुसार १९७० च्या दशकात सरकारी कंत्राटे घेणाऱ्या, म्हणजे या देखरेखीखालील आस्थापनांत कृष्णवर्णीयांची नोकरी इतर आस्थापनांपेक्षा वेगाने वाढली. खटल्याच्या भीतीचा परिणाम सरसकट उलटा असता, तर हे घडले नसते.

उलटा परिणाम स्पष्टपणे दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. अर्जावर 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का' हा चौकोन ठेवू नये असे नियम अनेक राज्यांनी आणि शहरांनी केले. आयोगानेही २०१२ मध्ये मालकांना तशी शिफारस केली होती. हेतू कृष्णवर्णीयांच्या हिताचाच होता. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात नियमाच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे पंधरा हजार काल्पनिक अर्ज पाठवून अमांडा अगन आणि सोन्या स्टार यांनी काय झाले ते पाहिले. चौकोन होता त्या कंपन्यांत गोऱ्या नावांना सात टक्के जास्त बोलावणी येत होती. चौकोन काढल्यावर तीच आघाडी त्रेचाळीस टक्क्यांवर गेली. माहिती मिळेनाशी झाल्यावर काही मालकांनी नाव पाहूनच अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि ज्याच्या नावावर एकही गुन्हा नव्हता असा कृष्णवर्णीय उमेदवार त्यात भरडला गेला. येथे माहिती झाकली गेली, पण निकालावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. उद्योजक म्हणून आपल्याला हा फरक चटकन पटेल : कच्चा माल तपासणे बंद केले आणि तयार मालही मोजला नाही, तर गफलत कुठे होते आहे ते कळत नाही.

प्रश्न : सरकारी कंत्राटदारांवरील बंधने अलीकडे उठवली गेली, अशी बातमी होती. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या नोकऱ्या आता कमी होतील का?
– एक वाचक

उत्तर : बातमी बरोबर आहे. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काढलेला, सरकारी कंत्राटदारांना भेदभाव टाळण्याबरोबरच भरतीसाठी सक्रिय प्रयत्न करायला लावणारा आदेश २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी रद्द केला. त्यानंतर एप्रिलमध्ये, हेतू सिद्ध न होता केवळ परिणामावरून भेदभाव ठरवण्याच्या तत्त्वाचा वापर शक्य तितका थांबवावा, असा आदेशही सरकारी यंत्रणांना दिला गेला. वर सांगितलेल्या वीजकेंद्राच्या खटल्यातून आले ते हेच तत्त्व. १९६४ चा कायदा मात्र संसदेने केलेला असल्याने अध्यक्षीय आदेशाने पुसला जात नाही आणि पीडित व्यक्ती आजही स्वतः न्यायालयात जाऊ शकते.

नोकऱ्यांचे काय होईल याचा थोडा अंदाज कॉनरॅड मिलर यांच्या अभ्यासावरून बांधता येतो. एखादी आस्थापना सरकारी कंत्राटदार झाली की तेथील कृष्णवर्णीयांचा हिस्सा वर्षागणिक थोडाथोडा वाढत जातो. पाच वर्षांत ही वाढ एका टक्के-अंकाहूनही कमी असते. पण कंत्राट संपून बंधन उठल्यावरही ही वाढ थांबत नाही, जवळपास त्याच गतीने चालू राहते. मिलर यांच्या मते याचे कारण असे, की बंधन असताना मालक उमेदवार पारखण्याची चांगली रीत बसवतो, त्यासाठी माणसे नेमतो, आणि एकदा बसलेली ही रीत मोडून टाकण्यात त्याचा फायदा नसतो. मात्र हा अभ्यास अशा काळाचा आहे, जेव्हा एका आस्थापनेवरचे बंधन उठले तरी शेजारच्या आस्थापनेवर ते कायम असे आणि पुढचे कंत्राट मिळताच ते पुन्हा लागू होई. २०२५ मध्ये ते सर्वांवरूनच एकदम उठले आहे. भरतीच्या विभागात बसलेल्या माणसांनी आपली रीत टिकवली की सोडली, हे येत्या काही वर्षांत त्या कंपन्यांच्या वर्णनिहाय तक्त्यांत उमटेल. अर्थात ते तक्ते भरून घेणे चालू राहिले तर.